विदाऊट प्रेज्युडिस : कधी लिहायचं, कधी नाही, आणि लिहिलं की नेमकं काय होतं

वकिलाची नोटीस असो, इन्शुरन्सवाल्यांचं पत्र असो नाहीतर बँकेचं सेटलमेंट लेटर, वर कोपऱ्यात ठळक अक्षरांत, बऱ्याचदा खाली रेघ मारून, दोन शब्द हमखास दिसतात, विदाऊट प्रेज्युडिस. ते बघून बघून आता लोक स्वतःच्या पत्रांवरही टाकायला लागलेत. सोसायटीच्या सेक्रेटरीला पार्किंगची तक्रार करायची तरी वर विदाऊट प्रेज्युडिस, एचआरला मेल टाकायचा तरी विदाऊट प्रेज्युडिस, जणू हे लिहिलं की आपण सेफ. तसं नाहीये. नुसतं लिहून काही होत नाही ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी जास्त महत्त्वाची आहे, ती म्हणजे चुकीच्या कागदावर लिहिलं तर जो कागद उद्या आपल्याला कोर्टात दाखवायचाय त्याच्यावरच समोरचा वकील बोट ठेवतो, की अहो हे तर तुम्हीच विदाऊट प्रेज्युडिस लिहिलंय, हे वाचायचंच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अर्थ. इथे प्रेज्युडिस म्हणजे पूर्वग्रह नाही, बाध. आपल्या सरकारी मराठीत ‘हक्कांना बाध न येता’ असं जे येतं ना, तेच. मी हे जे म्हणतोय किंवा करतोय त्यामुळे माझा मूळ हक्क, माझी मूळ बाजू कमी होत नाही, एवढंच त्यात सांगायचंय.

आता गोंधळ कुठे होतो तर हे दोन शब्द दोन अगदी वेगळ्या कामांसाठी वापरले जातात. पहिलं काम, तडजोडीची बोलणी. तिथे त्याचा अर्थ, मी मिटवायला म्हणून हे बोलतोय, मिटलं नाही तर हे माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायचं नाही. दुसरं काम, हक्क राखून ठेवणं. तिथे अर्थ, मी आत्ता हे पैसे घेतोय, ताबा घेतोय, सही करतोय, पण माझी बाकीची मागणी सोडलेली नाही. पहिल्या प्रकारचा कागद कोर्टापुढे येऊ नये म्हणून लिहायचा असतो आणि दुसऱ्या प्रकारचा कागद तर कोर्टापुढे यावाच म्हणून लिहायचा असतो. शब्द तेच, हेतू बरोब्बर उलटा. पेन उचलायच्या आधी आपल्याला यातलं कुठलं काम करायचंय हे ठरवा, निम्मे घोळ तिथेच संपतात.

पहिल्या कामाचं उदाहरण घेऊ, भाड्याच्या घराचं, कारण ते सगळ्यांना कळतं. समजा दीड लाख डिपॉझिट दिलेलं आहे, घर सोडलं, आणि मालक म्हणतोय रंगकामाचे आणि ओट्याची फरशी तडकली त्याचे मिळून साठ हजार कापणार. तुमचं म्हणणं की रंग तर तीन वर्षांत जुना होणारच आणि फरशी आधीपासूनच तडकलेली होती, त्यामुळे एक रुपयाही कापायचं कारण नाही. पण तरी डोक्याला ताप नको, वीस हजार कापून घे आणि विषय संपव, असं तुम्हाला वाटतंय. हेच तुम्ही साध्या मेलमध्ये लिहिलंत, की ठीक आहे वीस हजार कापा, आणि मालकाने ऐकलं नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर मालक तोच मेल पुढे करणार आणि म्हणणार बघा साहेब, नुकसान झालं हे यांनीच कबूल केलंय, आता फक्त आकडा किती एवढाच प्रश्न आहे. म्हणजे समजूतदारपणा दाखवला तोच अंगाशी आला. असं व्हायला लागलं तर कोणी तडजोडीचं तोंडच उघडणार नाही, म्हणून कायद्याने ही सोय ठेवलीय.

आपल्याकडे ही सोय पूर्वी १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला, त्यात ती कलम २१ मध्ये आहे. कलम छोटंसंच आहे. दिवाणी प्रकरणात एखादी कबुली ‘याचा पुरावा द्यायचा नाही’ अशा स्पष्ट अटीवर दिली असेल, किंवा दोन्ही बाजूंचं तसं ठरलं होतं असा अंदाज कोर्टाला परिस्थितीवरून काढता येत असेल, तर ती कबुली तिथे चालत नाही. नीट बघा, कलमात विदाऊट प्रेज्युडिस हे शब्द नाहीतच, कलमाला हवी आहे ती अट. म्हणून मी नेहमी सांगते की वर दोन शब्द टाका, काही हरकत नाही, पण खाली मजकुरात ती अट वाक्य करून लिहा.

वरच्या डिपॉझिटच्या केसमध्ये पत्र साधारण असं होईल :

“विदाऊट प्रेज्युडिस, फक्त तडजोडीसाठी.
भिंतींचा रंग आणि ओट्याची फरशी यांचा खर्च माझ्यावर येतो हे मला मान्य नाही. तरीही वाद मिटावा म्हणून, आणि केवळ तडजोडीपुरतं, डिपॉझिटमधून २०,००० रुपये कापून उरलेले १,३०,००० रुपये १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा केल्यास मी हा विषय संपवायला तयार आहे. ही ऑफर १५ दिवसांनंतर आपोआप रद्द होईल. तडजोड झाली नाही तर हे पत्र कोणत्याही कोर्टात पुरावा म्हणून वापरायचं नाही या अटीवर मी ते पाठवत आहे. पूर्ण १,५०,००० रुपये मागण्याचा माझा हक्क कायम आहे.”

यात पहिलं वाक्य काय करतं तर वाद आहे हे दाखवतं. दुसरं ऑफर देतं, आकडा आणि मुदत दोन्ही स्पष्ट. मुदत नाही टाकली तर समोरचा चार महिन्यांनी उठून म्हणेल की मला मान्य आहे, आणि तोपर्यंत तुमचा कोर्टाचा खर्च सुरू झालेला असतो. मग कलम २१ ला लागणारी अट. आणि शेवटी मूळ मागणी. वकील भाषा जड करतील, पण हे चार तुकडे त्यांच्याही ड्राफ्टमध्ये असतात, नसतील तर मागा.

आणि हे पत्र एकटं पाठवायचं नाही. त्याच दिवशी दुसरं एक उघडं पत्र पाठवायचं, वर काहीही न लिहिता, ज्यात फक्त तुमची मागणी आहे, की अमुक तारखेला घर सोडलं, चावी दिली, दीड लाख परत करा. हे पत्र तुम्हाला कोर्टात उघडपणे लावता येतं. मागणी एका कागदावर, ऑफर दुसऱ्या कागदावर. एकाच मेलमध्ये वर जोरदार मागणी आणि खाली ‘पण चला वीस हजार कापा’ असं कालवलं की पंचाईत होते, मेल दाखवावा तर ऑफरही दिसते, लपवावा तर मागणीचा पुरावा जातो.

आता मर्यादा, कारण फसगत इथेच होते.

पहिली अशी की खरा वाद आणि खरी तडजोडीची बोलणी असायला हवी. इंग्लंडची कोर्टं, जिथून हा सगळा प्रकार आपल्याकडे आला, त्यांनी हे वारंवार सांगितलंय. १९८६ च्या साउथ श्रॉपशायर वि. अमोस केसमध्ये तिथल्या अपील कोर्टाने म्हटलं की वर लिहिलेले शब्द म्हणजे शेवटचा निकाल नाही, पत्र खरोखर बोलणीतलं आहे का ते बघायचं. आणि ब्रॅडफर्ड अँड बिंगली वि. रशीद, २००६, हाऊस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे तिथलं तेव्हाचं सर्वोच्च कोर्ट, त्यात कर्जदाराच्या बाजूने पत्रं गेली होती की बाकी आहे पण एकदम भरता येत नाही, सवलत द्या. कोर्ट म्हणालं, कर्ज आहे की नाही यावर वादच नव्हता, मग तडजोड कशाची, ही तर सरळ कबुली.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी केस गोव्यातल्या हॉटेलची आहे, आयटीसी लिमिटेड वि. ब्लू कोस्ट हॉटेल्स, सुप्रीम कोर्ट, मार्च २०१८. ब्लू कोस्टने आयएफसीआय या वित्तसंस्थेकडून कर्ज घेतलेलं, ते थकलं, दक्षिण गोव्यातलं पार्क हयात रिसॉर्ट सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण विकायच्या कायद्याखाली, लिलावात गेलं आणि आयटीसीने घेतलं. त्या भांडणात कर्जदार कंपनीने आयएफसीआयला दिलेलं एक हमीपत्रही पुढे आलं, ज्यावर विदाऊट प्रेज्युडिस होतं. ते शब्द आहेत म्हणून कर्जाची कबुली झाकली जाते हे सुप्रीम कोर्टाने मान्य केलं नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला, एवढे वकील हाताशी असताना, त्या दोन शब्दांचा आधार मिळाला नाही, तर आपण पर्सनल लोनच्या मेलवर ते टाकून काय वाचणार आहोत.

हे मी मुद्दाम लांबवतेय कारण कर्जवाल्यांच्या बाबतीत यात मुदतीचा प्रश्न असतो. साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो, पण मुदत कायदा १९६३ चं कलम १८ म्हणतं की मुदत संपायच्या आत कर्जदाराने सही करून लेखी कबुली दिली की मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू. म्हणजे तुम्ही बँकेला ओटीएसची, म्हणजे वन टाइम सेटलमेंटची, विनंती पाठवली, त्यात लिहिलंत की माझ्याकडे आपले साडेचार लाख बाकी आहेत, एकरकमी तीन लाख घेऊन मिटवा, तर त्यातलं पहिलं अर्धं वाक्य बँकेला सोन्यासारखं आहे. वर काहीही लिहिलं असलं तरी. खरंच वाद असेल, व्याज चुकीचं लावलंय, पेनल चार्जेस मान्य नाहीत, भरलेले हप्ते जमा दाखवलेले नाहीत, तर ते आधी लिहा आणि ‘बाकी आहे’ असं न लिहिता ‘बँक मागत असलेल्या रकमेबद्दल वाद आहे’ असं लिहा. आणि वाद नसेलच, फक्त पैसे नसतील, तर सरळ सवलत मागा, त्यात लाज नाही, पण विदाऊट प्रेज्युडिस लिहून आपण झाकले गेलो असं समजू नका.

दुसरी मर्यादा, ऑफर समोरच्याने स्वीकारली की झाकण उघडतं. १८८९ च्या वॉकर वि. विल्शर केसमध्ये लॉर्ड जस्टिस लिंडली यांनी हे फार स्वच्छ मांडलंय. त्यांचं म्हणणं असं की या शब्दांचा अर्थ, प्रस्ताव मान्य झाला नाही तर लिहिणाऱ्याच्या बाजूला बाध येणार नाही, पण मान्य झाला तर तो पक्का करार. म्हणजे ‘मी तर विदाऊट प्रेज्युडिस लिहिलं होतं, मी बांधील नाही’ असं नंतर म्हणता येत नाही. जी ऑफर तुम्हाला खरंच पाळायची नाही ती देऊच नका. आणि सगळं सह्यांच्या करारावरच ठरावं असं हवं असेल तर तेही त्यातच लिहा, की दोघांच्या सह्या असलेला तडजोड करार होईपर्यंत कोणीही बांधील नाही.

तिसरी, कलम २१ फक्त दिवाणी प्रकरणांपुरतं आहे. फौजदारीत ही ढाल नाही. वर विदाऊट प्रेज्युडिस लिहून खाली धमकी, शिवीगाळ, ‘पैसे दे नाहीतर फोटो टाकतो’ असं लिहिलं तर तो कागद पोलीस स्टेशनला जाणारच. चेक बाऊन्सच्या प्रकरणातही जपून, कारण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खालची केस फौजदारी कोर्टात चालते आणि तिथे तडजोडीची बोलणी करताना काय लिहायचं हे वकिलाला विचारूनच लिहावं. चेक बाऊन्सची जी नोटीस असते, बँकेकडून चेक परत आल्याचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत पाठवायची आणि पैसे भरायला १५ दिवस द्यायची, ती तर कोर्टात दाखवायलाच असते, तिच्यात ऑफर वगैरे घुसवायची नाही.

आता दुसरं काम, हक्क राखणं. माझ्या मते सामान्य माणसाला याचा उपयोग पहिल्यापेक्षा जास्त आहे आणि नेमका हाच नीट केला जात नाही.

सगळ्यात नेहमीचा प्रसंग म्हणजे नवीन फ्लॅटचा ताबा. बिल्डरने दोन वर्षं उशीर केला, आता चावी देतोय, आणि सोबत एक छापील कागद देतोय की माझी काही तक्रार नाही. रेरा कायद्याच्या कलम १८ मध्ये उशिराच्या दर महिन्याचं व्याज मागायचा हक्क आहे. ताबा घेतला म्हणजे तो हक्क गेला का? विंग कमांडर अरिफुर रहमान खान वि. डीएलएफ सदर्न होम्स या २०२० च्या निकालात, प्रोजेक्ट बंगळुरूचा होता, हेच झालेलं. ग्राहकांना सांगितलं गेलं की निषेध नोंदवून वगैरे खरेदीखत होणार नाही, हवं असेल तर तसंच घ्या. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की घर हवं तर भरपाई सोडा असा पेच ग्राहकापुढे टाकणं अन्यायाचं आहे, आणि ताबा घेतला, खरेदीखत केलं म्हणून उशिराच्या भरपाईचा हक्क जात नाही. निकाल ग्राहकाच्या बाजूने आहे, तरी तेवढ्यावर विसंबून कागदावर गप्प सही करू नये. ताब्याच्या पावतीवर सहीच्या वर हाताने लिहायचं :

“ताबा उशिरा दिल्याबद्दल रेरा कायद्याच्या कलम १८ खाली व्याज आणि भरपाई मागण्याचा माझा हक्क राखून ताबा घेत आहे.”

बिल्डरचा माणूस म्हणेल तसं चालत नाही, पेपर खराब झाला, नवीन घ्या. मग सही करायच्या आधी, तिथेच उभं राहून, हेच वाक्य बिल्डरच्या ऑफिशियल मेलवर पाठवायचं आणि लिहायचं की पावतीवर हे लिहू दिलं नाही म्हणून मेल करतोय. सही आधी आणि मेल आठवड्याने असं नको.

हा आधी-नंतरचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते रेल्वेच्या एका केसमध्ये दिसतं. भगवती प्रसाद पवन कुमार वि. भारत सरकार, सुप्रीम कोर्ट, २००६. मालाच्या नुकसानीचा क्लेम होता. रेल्वेने कमी रकमेचे चेक पाठवले आणि सोबत पत्र, की हे पूर्ण आणि अंतिम म्हणून आहेत, मान्य नसेल तर चेक परत पाठवा, ठेवून घेतले तर मान्य समजू. व्यापाऱ्याने चेक वटवले आणि नंतर निषेधाचं पत्र लिहिलं. कोर्ट म्हणालं, चेक वटवले तिथेच ऑफर स्वीकारली, निषेध आधी नोंदवला असता तर गोष्ट वेगळी. तेव्हा ‘फुल अँड फायनल’ लिहिलेला चेक हातात आला तर बँकेत टाकायच्या आधी थांबा. आधी लिहून कळवा की ही रक्कम अंशतः म्हणून, बाकीच्या मागणीचा हक्क राखून स्वीकारायला तयार आहे. आणि पत्रात ‘मान्य नसेल तर चेक परत करा’ अशी अट असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय वटवूच नका.

नोकरी सोडतानाचं एफएनएफ, म्हणजे फुल अँड फायनल हिशेब, तेही याच जातीचं. इन्सेंटिव्ह राहिलाय, लीव्ह एनकॅशमेंट कमी धरलंय, आणि एचआर म्हणतंय सही कर मगच रिलीव्हिंग लेटर. अशा वेळी नुसतं ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहून भागत नाही, कशाबद्दल प्रोटेस्ट ते लिहावं लागतं, ‘इन्सेंटिव्हचे ४५,००० रुपये यात धरलेले नाहीत, त्या मागणीचा हक्क राखून सही’. इन्शुरन्सच्या डिस्चार्ज व्हाउचरचंही, म्हणजे पैसे मिळाले, आता मागणी नाही अशा पावतीचंही, तसंच. १९९९ च्या युनायटेड इंडिया इन्शुरन्स वि. अजमेर सिंग कॉटन या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नुसत्या व्हाउचरवर सही केली म्हणून ग्राहक मंचाचे दरवाजे बंद होत नाहीत, सही फसवून किंवा दबावाखाली घेतली असेल तर दाद मागता येते. पण फसवणूक किंवा दबाव होता हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं. सहीच्या वेळीच लिहिलेली एक ओळ तिथे कितीतरी कामाची.

जाता जाता इन्शुरन्सचंच, सर्व्हेअरच्या रिपोर्टवर जे विदाऊट प्रेज्युडिस छापलेलं असतं ते बघून लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हेअरने नुकसान मोजलं म्हणजे कंपनीने क्लेम मान्य केला असं नाही. क्लेम नाकारला असाही नाही.

घरमालकांसाठी. भाडेकरूला घर खाली करायची नोटीस दिली, मुदत संपली, आणि भाडेकरू पुढच्या महिन्याचं भाडं यूपीआयने टाकतोय. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११३ मध्ये तर उदाहरणच दिलंय की नोटिशीची मुदत संपल्यावरचं भाडं मालकाने घेतलं तर नोटीस सोडून दिली असं होऊ शकतं. म्हणून पैसे आले त्याच दिवशी उलट मेसेज हवा, की आलेली रक्कम भाडं म्हणून नाही तर जागा वापरल्याच्या मोबदल्यापोटी घेत आहे, नोटीस आणि जागा परत मागण्याचा हक्क कायम आहे. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस जात नसेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, तर मेसेजमध्ये तोही हक्क लिहून टाका. तेवढी एक ओळ टाकायचा कंटाळा केला म्हणून पुढे तारखांवर तारखा घालवू नका.

या दुसऱ्या कामात मी विदाऊट प्रेज्युडिस हे शब्द शक्यतो टाळते. ‘हक्क राखून’ असं सरळ लिहिते आणि कुठला हक्क ते सांगते. कारण वर विदाऊट प्रेज्युडिस लिहिलं की समोरच्याला म्हणायला जागा मिळते की हे तडजोडीचं पत्र आहे, पुराव्यात नको. कोर्ट मजकूर बघेलच, पण वादाला एक जास्तीचा मुद्दा कशाला द्यायचा.

याच कारणाने पुढच्या कागदांवर ते अजिबात नको : साधी तक्रार, पैसे परत मागणारं पहिलं पत्र, माहिती अधिकाराचा अर्ज, पोलिसांकडचा अर्ज, राजीनामा, सोसायटीला लिकेजबद्दलचं पत्र. तिथे तुम्ही काही कबूल करत नाही, काही ऑफर देत नाही, तर झाकायचं काय आहे? उलट तो कागद ठणठणीत उघडा हवा, पोच घेतलेला.

व्हॉट्सॲप आणि फोन. बोलणी आजकाल तिथेच होतात. प्रत्येक मेसेजवर लिहायची गरज नसते, पण बोलणी सुरू करताना एकदा स्पष्ट टाइप करा की इथून पुढचं सगळं तडजोडीसाठी, कोर्टात वापरायचं नाही, ओके का? आणि समोरच्याचा ओके येऊ द्या, कारण कलम २१ चा दुसरा भाग दोघांचं ठरलं होतं का हेच बघतो. बोलणी फिसकटली की तेही लिहा, तडजोडीची चर्चा संपली. त्यानंतरचे मेसेज उघडे. फोनवर बोलणं झालं तर ठेवल्यावर लगेच दोन ओळींचा मेसेज, आत्ता फोनवर झालेलं बोलणं फक्त तडजोडीपुरतं होतं. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, पार्टनरशिपमधले दोस्त, यांच्या भांडणात हे लिहायला फार अवघड वाटतं, कोरडं वाटतं, मला माहितीये. तरी लिहा, कारण तिथेच माणसं भावनेच्या भरात ‘हो माझंच चुकलं’ लिहून जातात आणि वर्षाने तो स्क्रीनशॉट कोर्टाच्या फाइलला लागलेला असतो.

‘विदाऊट प्रेज्युडिस सेव्ह ॲज टू कॉस्ट्स’ असंही कधी दिसेल. हे १९७५ च्या इंग्लंडमधल्या कॅल्डरबँक नवरा-बायकोच्या केसवरून आलंय, बायकोने सुमारे १२,००० पौंडांचं घर देऊ केलं होतं, नवऱ्याने नाकारलं आणि कोर्टाकडून त्याला १०,००० च मिळाले. मग केसचा खर्च कोणी सोसायचा? तेव्हापासून अशी ऑफर निकाल लागेपर्यंत झाकलेली ठेवायची आणि फक्त खर्चाचा प्रश्न आला की कोर्टाला दाखवायची, अशी पद्धत पडली. आपल्याकडे लवाद कायद्याच्या कलम ३१अ मध्ये खर्च ठरवताना वाजवी तडजोडीची ऑफर कोणी नाकारली होती का हे बघायला सांगितलंय, त्यामुळे आर्बिट्रेशनमध्ये असाल तर ही शेपटी मुद्दाम लावून घ्या.

इंग्लंडमध्ये नोकरीला असलेल्यांसाठी, एचआर अचानक मीटिंगला बोलावून ‘ही विदाऊट प्रेज्युडिस चर्चा आहे’ म्हणालं तर गप्प ऐका, नोट्स काढा, लगेच हो म्हणू नका. २००४ च्या बीएनपी पारिबा वि. मेझोटेरो केसमध्ये कंपनीने असंच म्हणून नोकरी सोडायचा प्रस्ताव ठेवला होता, आणि ट्रिब्युनलने तो पुराव्यात येऊ दिला, कारण तेव्हा नोकरी संपवण्याबद्दल वादच सुरू नव्हता. अमेरिकेत फेडरल पुरावा नियम ४०८ तडजोडीच्या बोलण्याला लेबल नसलं तरी बऱ्यापैकी संरक्षण देतो. मात्र तिथे ‘डिसमिस्ड विथ प्रेज्युडिस’ ऐकलंत तर ते वेगळं, त्याचा अर्थ तीच केस पुन्हा लावता येणार नाही, आणि ‘विदाऊट प्रेज्युडिस’ म्हणजे पुन्हा लावता येईल. आपल्याकडे दिवाणी दावा मागे घेताना हेच काम ‘लिबर्टी’ करते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २३ रूल १ खाली कोर्टाकडून नव्याने दावा लावायची परवानगी घेतली नाही तर त्याच विषयावर पुन्हा दावा येत नाही. वकील म्हणाले ‘मागे घेऊया’ तर एवढंच विचारा, लिबर्टी मागितली का?

कायद्याच्या पुस्तकात ‘पूर्वगामी तरतुदींच्या सर्वसाधारणतेस बाध न येता’ असं वाचलंत तर तो या सगळ्याचा लांबचा नातेवाईक. पुढे दिलेली यादी फक्त उदाहरणादाखल आहे, मूळ अधिकार तेवढ्यापुरता मर्यादित नाही, असा त्याचा अर्थ. १९४५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या आपल्या शेवटच्या अपील कोर्टाने, सिबनाथ बॅनर्जींच्या केसमध्ये हे सांगितलं, डिफेन्स ऑफ इंडिया कायद्याखालच्या स्थानबद्धतेचं प्रकरण होतं ते.

आणि समजा असं पत्र तुम्हालाच आलं. मग ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, दाव्याला किंवा ग्राहक तक्रारीला परस्पर जोडू नका, वकिलाला मात्र नक्की दाखवा. उत्तर द्यायचं असेल तर त्याच हेडिंगखाली द्या. ऑफर पटली असेल तर जशी आहे तशी, पूर्ण आणि मुदतीच्या आत लेखी स्वीकारा. ‘मान्य आहे, फक्त दहा हजार वाढवा’ असं लिहिलं तर ते स्वीकारणं होत नाही, ती तुमची नवी ऑफर होते आणि जुनी हातची जाते. पैसे कधी, कसे, कुठल्या खात्यात आणि त्यानंतर कोणी कोणाकडे काही मागायचं नाही, एवढं एका कागदावर घेऊन दोघांच्या सह्या होऊ द्या, केस चालू असेल तर तोच कागद कोर्टात दाखल करून हुकूम घ्या.